दंडाच्या मोडलेल्या हाडासाठी नेल की प्लेट?

प्रश्न:
माझी आई ६४ वर्षांची असून अंगणात पाय घसरून पडल्याने तिच्या उजव्या दंडाचे हाड मधोमध मोडले आहे. उघडी जखम नाही, मनगट व बोटे हलतात. एका अस्थिरोगतज्ज्ञांनी हाडाच्या पोकळीत नेल (धातूचा लांब दांडा) घालण्यास सांगितले, तर दुसऱ्यांनी प्लेट (हाडावर स्क्रूने बसवायची धातूची पट्टी) सुचवली. छेद लहान असतो म्हणून घरातील सर्वांचा कल नेलकडे आहे. परंतु पुढे आईला हात वर करून वेणी घालता येईल का, ही माझी खरी काळजी आहे.

उत्तर १ (अस्थिशल्यविशारद):
शस्त्रक्रिया आवश्यकच आहे का, हे आपण दोन्ही डॉक्टरांना आधी विचारावे. अस्थिशल्यविशारद सार्मिएन्टो यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या ब्रेसच्या (दंडाभोवती बाहेरून बसवायच्या आधारपट्ट्याच्या) पद्धतीने अशी अनेक हाडे जुळतात, आणि खांद्याची हालचाल चहूबाजूंनी होत असल्याने पुढच्या बाजूस सुमारे २० अंशांपर्यंतचा वाक सहसा खपून जातो. काहींना मात्र पुढे शस्त्रक्रिया करावीच लागते.

नेलचा मोठा गुण असा की मोडलेली जागा उघडावी लागत नाही, त्यामुळे तेथील रक्तपुरवठा बव्हंशी शाबूत राहतो. कर्करोगाने पोखरलेले हाड किंवा दोन ठिकाणी मोडलेले हाड असेल, तर मी स्वतः नेललाच प्राधान्य देतो. परंतु वरून घातलेली नेल खांद्याच्या स्नायुबंधातून (हात उचलणाऱ्या स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्यातून) आत जाते. तो नीट शिवला गेला नाही किंवा नेलचे टोक हाडाबाहेर राहिले, तर हात उचलताना दुखते. आपल्या आईच्या बाबतीत छेदाच्या लांबीपेक्षा हा मुद्दा मला अधिक महत्त्वाचा वाटतो. प्लेटसाठी छेद मोठा लागतो आणि हाडाला वळसा घालून जाणारी रेडियल नस (मनगट व बोटे वर उचलण्याचे काम करवणारा मज्जातंतू) जपावी लागते, पण खांद्याला हात लागत नाही.

उत्तर २ (फिजिओथेरपिस्ट):
वरील मताशी मी सहमत आहे. तरीही नेलनंतर खांदा आखडलेल्या अनेक रुग्णांमध्ये, शस्त्रक्रियेइतकेच, भीतीपोटी हात गळ्यातील झोळीत अडकवून ठेवणे हेही कारण असल्याचे मी पाहिले आहे. शल्यविशारदांची परवानगी मिळताच पुढे वाकून हात लोंबता ठेवून झुलवण्याचा व्यायाम सुरू करावा. हाड जुळेपर्यंत त्या हाताने वजन उचलणे किंवा तो जोराने पिळवटणे टाळावे.

प्रश्नकर्ती:
आपले आभार. नसेला इजा झाली, तर ती कशी ओळखावी?

उत्तर १:
मनगट व बोटे वर उचलता येत नाहीत, तसेच अंगठ्यामागची त्वचा बधिर होते. बंद अस्थिभंगात (उघडी जखम न होता हाड मोडल्यास) पडतानाच झालेली अशी इजा बहुतेकदा काही महिन्यांत आपोआप भरून येते. शस्त्रक्रियेपूर्वी मनगट हलत होते, याची नोंद केसपेपरवर अवश्य करून घ्यावी. नंतर ते लुळे पडल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. नेलच्या खालच्या टोकाचा स्क्रू समोरून मागे घालताना, तेथील नसा जपण्यासाठी छोटा छेद घेऊन हाड प्रत्यक्ष पाहिले जाते का, हेही आपण विचारू शकता.