मदत हवी आहे: जनुकरोपणाने तयार झालेल्या केशपेशींबद्दल

पक्ष्यांच्या आंतरकर्णात केशपेशी (ध्वनी टिपणाऱ्या संवेदी पेशी) नष्ट झाल्या तर आधारपेशींपासून (त्यांना आधार देणाऱ्या शेजारच्या पेशींपासून) नव्या तयार होतात. सस्तन प्राण्यांच्या कॉक्लियात (आंतरकर्णाच्या शंखाकृती, ऐकण्याच्या भागात) मात्र तसे होत नाही. २००५ साली, औषधाने बहिऱ्या केलेल्या प्रौढ गिनीपिगच्या कानात अ‍ॅडेनोव्हायरसमार्फत (जनुक पेशीत नेणाऱ्या विषाणूमार्फत) एटोह१ हे केशपेशी घडवणारे जनुक पोहोचवल्यावर आधारपेशींचे केशपेशींसारख्या पेशींत रूपांतर झाले आणि श्रवणातही काही सुधारणा दिसली, इथपर्यंत मला समजले आहे. प्रौढ कानातील अशा पेशी बहुधा अपरिपक्व राहतात, म्हणून सोबत जीएफआय१ आणि पीओयू४एफ३ ही जनुकेही देऊन पाहतात, हेही ठीक. पण आधारपेशीच अशा खर्ची पडल्या तर कॉर्टीच्या इंद्रियाची (कॉक्लियातील केशपेशी आणि आधारपेशींच्या थराची) रचना कशी टिकते, आणि नव्या पेशींशी श्रवणतंतूंची जोडणी होते का? (मला दुसरा प्रश्न अधिक कळीचा वाटतो.) जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.