नवरा-बायको दोघांचं नीट पीजी एकाच वर्षी : एका गावात जागा मिळण्यासाठी पसंतीक्रम कसा लावावा?

पूर्णाकाठ :

दोघांचं एमबीबीएस महाराष्ट्रातच झालंय, इंटर्नशिप संपलीय, लग्न झालंय. नीट पीजीचा, म्हणजे एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेचा, निकाल दोघांचा याच वर्षीचा. तिची रँक बरीच पुढं, प्रवर्ग एनटी-डी (राज्याच्या भटक्या जमातींतला). माझी मागं, प्रवर्ग एसईबीसी (राज्याचा सामाजिक-शैक्षणिक मागास). तिला स्त्रीरोगच हवंय. मला मेडिसिन आवडतं, पण बालरोग किंवा भूलशास्त्रही चालेल. मराठवाड्यातच राहायचंय, संभाजीनगर, लातूर, नांदेड, अंबाजोगाई यांपैकी कुठंही, फक्त दोघं एका गावात.

तीन गोष्टी कळत नाहीत. फॉर्ममध्ये जोडपं म्हणून नोंदवायची काही सोय असते का? पहिल्या फेरीत एकाला लातूर आणि एकाला नांदेड लागलं तर रुजू व्हायचं की सोडायचं? आणि अपग्रेडचा, म्हणजे पुढच्या फेरीत वरची पसंती मागायचा, पर्याय घेतला तर जोडी तुटायची भीती किती?

सीटमॅट्रिक्स :

सोय नाही. अखिल भारतीय कोट्याच्या जागा भरणाऱ्या केंद्राच्या एमसीसीकडं नाही, राज्य कोट्याच्या जागा भरणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलकडंही नाही. अमेरिकेत रेसिडेन्सीच्या मॅचमध्ये १९८४ पासून दोघांच्या याद्या ओळीला ओळ जोडता येतात. तिथं संगणक जोडीचाच विचार करतो. आपल्याकडं पती-पत्नी एकत्रीकरण सरकारी बदल्यांत चालतं, प्रवेशात नाही. तुम्ही दोघं त्या यंत्रणेला दोन अनोळखी उमेदवार आहात, हे धरूनच याद्या बनवा.

आता मुख्य मुद्दा. बहुतेक जोडपी आपापल्या आवडीनं दोन याद्या बनवतात आणि गावं साधारण सारखी ठेवतात. तिथंच फसतं. समजा दोघांनाही पहिलं लातूर, मग नांदेड असं हवंय. तिच्या रँकला लातूर लागणार हे नक्की. तुमच्या रँकला लातूर अवघड, नांदेड जवळपास नक्की. दोघांनी लातूर वर ठेवलं की ती लातूरला आणि तुम्ही नांदेडला. याद्या तंतोतंत सारख्या असूनही जोडी तुटली.

आणि दुसऱ्या फेरीत ती नांदेडला येईल, असं गृहीत धरू नका. पहिल्या फेरीत तिनं नांदेड खाली ठेवलं म्हणून ती जागा तिच्या मागच्या रँकवाल्याला गेली आणि तो रुजू झाला, तर तिची रँक कितीही पुढची असो, त्याला उठवून ती जागा मिळत नाही. तो स्वतः हलला तरच ती मोकळी होते.

म्हणून माझ्या मते क्रम असा : गाव मागच्या रँकवाल्यानं ठरवायचं, शाखा पुढच्या रँकवालीनं. ज्या गावात तुम्हाला चालणाऱ्या तीनपैकी एखादी शाखा नक्की मिळते, ते गाव दोघांच्याही यादीत सर्वांत वर. तुमच्या यादीत त्या गावातल्या तिन्ही शाखा आवडीच्या क्रमानं एकापाठोपाठ, मध्ये दुसरं गाव नाही. 'लागलं तर लागलं' म्हणून तुम्ही लातूर मेडिसिन सगळ्यात वर टाकलं आणि ते खरोखर लागलं, तर ती नांदेडला आणि तुम्ही लातूरला. एरवी वर अवघड पर्याय टाकल्यानं खालच्या पर्यायांचं काही बिघडत नाही, वाटप रँक आणि क्रमानुसार होतं; एकट्या उमेदवाराला तो सल्ला बरोबरच आहे. जोडप्याला नाही.

'नक्की मिळतं' हे कसं काढायचं : एमसीसी आणि सीईटी सेल, दोघंही फेरीनिहाय वाटपाच्या याद्या पीडीएफमध्ये टाकतात. मागच्या दोन-तीन वर्षांच्या उतरवा. महाविद्यालय, शाखा, कोटा, प्रवर्ग आणि फेरी असे रकाने करून शेवटची रँक लिहा. पहिली फेरी आणि शेवटची फेरी वेगळी ठेवा, सरमिसळ केली की खोटी आशा लागते. दोन सावधगिऱ्या. परीक्षार्थींची संख्या दरवर्षी बदलते, म्हणून मागच्या आकड्याच्या अगदी काठावर असाल तर ते 'नक्की' धरू नका. आणि एका महाविद्यालयात एका शाखेत एका प्रवर्गाला एका कोट्यात बऱ्याचदा एकच जागा असते, ती रोस्टरनं, म्हणजे आरक्षणाच्या ठरलेल्या क्रमानं, दरवर्षी फिरते. गेल्या वर्षीची जागा यंदा आहे का, हे यंदाच्या सीट मॅट्रिक्समध्येच, म्हणजे जागांच्या तक्त्यातच, दिसतं. धाराशिव, परभणी, हिंगोली, जालना या नव्या शासकीय महाविद्यालयांत तुमच्या शाखेची पीजी जागा आहे का, हेही तिथंच बघायचं.

प्रवर्गाचं नीट लक्षात घ्या. अखिल भारतीय कोट्यात एसईबीसी नाही. तिथं तुम्ही खुल्या गटात, किंवा अटींत बसत असाल तर ईडब्ल्यूएसमध्ये. तिचं एनटी-डीही तिथं नाही. जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर ती ओबीसी. त्यामुळं दोघांसाठी दोन वेगळे तक्ते करा, एक अखिल भारतीय, एक राज्य. ज्या गावात तुम्हाला अखिल भारतीय कोट्यातून काहीच दिसत नाही, तिथंच राज्य कोट्यातून एसईबीसीमध्ये दिसू शकतं.

मांजराकाठ :

वरचं सगळं पटतं. अपग्रेडबद्दल मी सांगतो, कारण जोड्या तुटतात त्या जास्त करून दुसऱ्या फेरीत.

एमसीसीकडं पहिल्या फेरीत जागा लागूनही रुजू न होता दुसऱ्या फेरीत जाता येतं, अनामत जात नाही. रुजू झालात तर त्याच वेळी अपग्रेड हवं की नको ते सांगायचं. हवं म्हणालात आणि दुसऱ्या फेरीत वरची जागा लागली, की पहिली जागा आपोआप रद्द. 'नको, आधीचीच बरी होती' म्हणायची सोय राहत नाही. दुसऱ्या फेरीत लागलेली जागा घेतली नाही तर अनामत जाते. तिसऱ्या फेरीत घेतली नाही तर अनामतही जाते आणि पुढच्या फेरीतूनही बाहेर. स्ट्रे, म्हणजे उरलेल्या जागांच्या शेवटच्या फेरीत अपग्रेड नाही, आणि तिथली जागा सोडली तर पुढच्या परीक्षेपर्यंत परिणाम जातो. तिथं फॉर्म भरायचा तो जायचंच आहे असं ठरवून.

राज्यात उलटं आहे आणि इथंच घोळ होतो. सीईटी सेलकडं रुजू झाल्यावर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरला तरच तुम्ही थांबता. नाही भरला तर पुढच्या फेरीत तुमचा विचार होणार. म्हणजे एमसीसीकडं गप्प बसलं तर जागा टिकते, राज्यात गप्प बसलं तर जागा हलू शकते. एकानं फॉर्म भरला आणि दुसऱ्याचा राहून गेला, एवढ्यावर तीन वर्षं दोन गावांत काढायची वेळ येते. पहिल्या पसंतीची जागा नाकारली तर राज्यात काय होतं, हे त्या वर्षीच्या माहितीपत्रकात वाचूनच ठरवा.

दोघं एका गावात लागलात की पुढचा नियम एकच ठेवा : अपग्रेड फक्त गावातल्या गावात. समजा नांदेडला तिला स्त्रीरोग आणि तुम्हाला भूल लागलं. तिनं थांबायचं. तुम्ही दुसऱ्या फेरीच्या यादीत नांदेड मेडिसिन आणि नांदेड बालरोग एवढेच दोन पर्याय टाकायचे. लागलं तर शाखा सुधारली, नाही लागलं तर आहे ती जागा राहते. यादी लांब दिसावी म्हणून त्यात लातूर-संभाजीनगर भरू नका.

आता तुमचा लातूर-नांदेड फाटाफुटीचा प्रश्न. पहिल्या फेरीत तसं झालं तर दोघांनीही रुजू व्हा, हातची जागा सोडू नका. मग दुसऱ्या फेरीआधी एमसीसी रिकाम्या जागा दाखवते, त्यात दोन प्रकार असतात. क्लिअर व्हेकन्सी म्हणजे खरोखर मोकळी जागा. व्हर्च्युअल व्हेकन्सी म्हणजे जिच्यावर कुणीतरी बसलाय पण त्यानं अपग्रेड मागितलंय. तो हलला तरच ती मोकळी. याच दुसऱ्या प्रकाराला आपण बोलताना वेटिंग म्हणतो, पण त्यात तुमचा नंबर कितवा हे कुणी सांगत नाही.

हलायचं एकानंच. दोघांनी एकमेकांच्या गावाचा पर्याय टाकला आणि दोघांचंही लागलं, तर ती नांदेडला अन् तुम्ही लातूरला. गावं फक्त बदलली. जिथं स्वतःच्या शाखेची क्लिअर व्हेकन्सी दिसते त्या बाजूनं हला. तशी दोन्हीकडं नसेल तर पुढच्या रँकवालीनं हलावं. मोकळी झालेली जागा तिला लागायची शक्यता जास्त.

अजून एक. अखिल भारतीय पहिली फेरी राज्याच्या पहिल्या फेरीच्या आधी होते. तिला तिथं जागा लागली तर ती धरून ठेवून तुमचं राज्यात काय होतं ते बघता येतं. राजीनाम्याची मुदत मात्र लिहून ठेवा. राजीनामा महाविद्यालयाकडून पोर्टलवरूनच निघाला पाहिजे. नुसता अर्ज देऊन सही-शिक्का घेऊन आलात तर ती जागा तुमच्याच नावावर दिसत राहते, आणि पुढच्या फेऱ्यांत केंद्र-राज्य रुजू झालेल्यांच्या याद्या एकमेकांशी ताडून बघतात.

बालाघाट_ताई :

पूर्णाकाठ दादा, कागदपत्रांचं वेगळं सांगते, कारण लग्न झालेल्या मुलींचं यातच अडतं.

वहिनींचं नाव दहावीच्या सनदेवर, एमबीबीएसच्या गुणपत्रिकांवर आणि नीटच्या प्रवेशपत्रावर जे आहे तेच प्रवेश संपेपर्यंत ठेवा. आधारवर सासरचं नाव लावायची घाई आत्ता नको. आधीच बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि नावबदलाचं राजपत्र मूळ प्रतीसह फाइलमध्ये ठेवा.

जातीचा दाखला माहेरचाच. नॉन-क्रीमी लेयरसाठी आईवडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याचं उत्पन्न नाही. सेतूत कुणी नवऱ्याचा उत्पन्नाचा दाखला मागितला तर हे शांतपणे सांगा. अखिल भारतीय कोट्यासाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा काढावा लागतो. राज्याचा एनटी-डीचा दाखला तिथं चालत नाही. राज्यात जात वैधता लागते, तुमची एसईबीसीचीही. दाखल्यांच्या तारखा चालू आर्थिक वर्षाच्या आहेत का बघा. तहसीलला गर्दी वाढते ती निकालानंतरच, म्हणून हे काम आधी उरका.

अनामतही आत्ताच ठरवा. एमसीसीकडं फक्त अखिल भारतीय कोट्यासाठी २५,००० रुपये, राखीव प्रवर्गाला १०,०००. अभिमत विद्यापीठं धरली तर २ लाख. हे महत्त्वाचं अशासाठी, की संभाजीनगरचं एमजीएम अभिमत आहे, त्याचे प्रवेश एमसीसीतून होतात. 'एकाला घाटी (तिथलं शासकीय महाविद्यालय), एकाला एमजीएम' अशी जोडी मनात असेल तर एमजीएमवाल्यानं नोंदणीच्या वेळीच २ लाख भरलेले पाहिजेत. लातूरला एमआयएमएसआर खासगी आहे, तिथले प्रवेश सीईटी सेलमधून : ५० टक्के राज्य कोटा, ३५ टक्के व्यवस्थापन, १५ टक्के एनआरआय. व्यवस्थापन कोट्याची फी बघूनच पसंती टाका.

पूर्णाकाठ :

फार मोलाचं सांगितलंत सगळ्यांनी. वाटप याद्या काढून तक्ता केला. मला राज्य कोट्यातून नांदेडला भूल आणि बालरोग दोन्ही सुरक्षित दिसू लागलेत, अंबाजोगाईला मेडिसिन काठावर, लातूरला भूल काठावर. संभाजीनगरला काही नाही. तिला चारही ठिकाणी स्त्रीरोग दिसतंय. असं केलं तर : दोघांच्या यादीत पहिलं नांदेड, मग अंबाजोगाई, मग लातूर. शिवाय अंबाजोगाई-लातूर फार लांब नाही, म्हणून एक तिकडं आणि एक इकडं ही जोडीही शेवटी ठेवावी का?

मांजराकाठ :

ठेवा, पण ती कशी असेल ते समजून. अंतर साठेक किलोमीटर, एसटी भरपूर. रोज येणं-जाणं मात्र जेआर-वनला, म्हणजे पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला, जमत नाही. स्त्रीरोगच्या पहिल्या वर्षाला इमर्जन्सी असली की काम चोवीस तासांवर जातं, पुढच्या दिवशी राउंड असतोच. नियमात आठवड्याची एक सुट्टी आहे, पण कामाच्या गरजेनुसार; वर्षाला पगारी नैमित्तिक रजा २० दिवस. म्हणजे आठवड्याला भेट, एकत्र संसार नाही. तरी नांदेड-संभाजीनगरपेक्षा बरीच बरी. अंबाजोगाईला रेल्वे नाही, परळी गाठावी लागते, तिथून पंचवीसेक किलोमीटर.

एका गावात लागलात तर वसतिगृहातच राहायची सक्ती नाही, २०२३ च्या पीजी नियमांत तसं स्पष्ट आहे. नांदेडला महाविद्यालय विष्णुपुरीला आहे. खोली तिकडंच बघा, शहरात नको.

नंतर बदली करून घेऊ, हा विचार मात्र काढून टाका. पीजीत एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाता येत नाही, कारण कुठलंही असो.

सीटमॅट्रिक्स :

तक्ता चांगला झालाय. एक चूक आहे. ही यादी तुमच्या राज्य कोट्याच्या हिशेबानं बरोबर आहे, पण तीच तिच्या अखिल भारतीय यादीलाही लावू नका. तिथं तिला नांदेड स्त्रीरोग एवढा एकच पर्याय टाका. लागलं तर रुजू व्हा, अपग्रेड नको म्हणा आणि तुमच्या राज्याच्या पहिल्या फेरीपर्यंत थांबा. नाही लागलं तर काही गेलं नाही, राज्यात दोघं बरोबरच आहात. अंबाजोगाई-लातूर अखिल भारतीयमध्ये भरलं आणि तिला तिथं लागलं, तर तुम्ही तुमच्या काठावरच्या गावाशी बांधले जाल.

तुमच्या राज्याच्या यादीत नांदेड मेडिसिनही टाका, सगळ्यात वर. गाव तेच आहे, त्यानं काही बिघडत नाही.

याद्या लॉक करण्याआधी दोन्ही छापून शेजारी ठेवा आणि महाविद्यालयाचं पूर्ण नाव ओळीनं जुळवा. लातूरला शासकीय आणि खासगी अशी दोन आहेत, ड्रॉपडाउनमध्ये जवळजवळ येतात. मुदतीच्या शेवटच्या तासावर ठेवू नका. एमसीसीकडं लॉक न केलेली यादी मुदत संपली की आहे तशी आपोआप लॉक होते, अर्धवट असली तरी.

पूर्णाकाठ :

नांदेड मेडिसिन खरंच राहिलं होतं, टाकतो. तिच्या अखिल भारतीय यादीत एकच पर्याय ठेवतोय. केंद्राच्या नमुन्यातल्या ओबीसी दाखल्यासाठी उद्याच तहसीलला जातो.