कीटनचा 'द जनरल': खरी करामत कॅमेरा लांब ठेवण्यात आहे

गाडीवान: बस्टर कीटन आणि क्लाइड ब्रकमन यांचा 'द जनरल' हा विनोदी मूकपट (१९२६) म्हटलं की लोक कीटनच्या धाडसाबद्दलच बोलतात. पळवलेल्या इंजिनाच्या मागे लागणाऱ्या ड्रायव्हरची, म्हणजे नायकाची भूमिका त्याचीच. पण माझ्या मते दिग्दर्शक म्हणून तो त्याहून मोठा आहे. रुळांवरच्या स्लीपरचा, म्हणजे रुळांखाली आडव्या टाकतात त्या लाकडी तुळईचा, प्रसंग घ्या. धावत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर तो बसलाय, हातात एक जड स्लीपर, समोर रुळावर आडवा पडलेला दुसरा. हातातला तो असा नेमका टाकतो की दोन्ही उडून बाजूला पडतात. इथे मध्येच त्याच्या चेहऱ्याचा क्लोजअप घेतला असता, तर सगळं वाटोळं झालं असतं. माणूस, इंजिन, रूळ एकाच चौकटीत दिसतात म्हणून आपला विश्वास बसतो, आणि म्हणूनच हसू येतं.

चिकित्सक: साफ असहमत. अमेरिकी यादवीत १८६२ साली उत्तरेच्या लोकांनी जॉर्जियात हे 'जनरल' नावाचं इंजिन खरोखर पळवलं होतं. कीटनने बाजू फिरवून दक्षिणेच्या ड्रायव्हरला नायक केलं. ज्या गुलामगिरीसाठी दक्षिण लढली तिचा सिनेमात मागमूस नाही! वर तलवारीचं पातं मुठीतून सुटून शत्रूचा नेमबाज मरतो, तेही विनोद म्हणून. इतक्या लांबून पाहिलं की मरणारा माणूससुद्धा ठिपका होतो. तुम्ही ज्याला शैली म्हणता तीच मला इथे खटकते.

गाडीवान: दक्षिणेच्या उदात्तीकरणाची पाठराखण मी करणार नाही. पण तो दोष कथेचा, कॅमेऱ्याचा नव्हे. नायिका इंजिनाच्या भट्टीत टाकायला चिमूटभर काटकी उचलते, तो तिचा गळा धरतो आणि लगेच तिचा मुका घेतो. राग आणि माया, दोन्ही एका दमात. त्यासाठी चेहऱ्यावर चढावं लागलं नाही.

चॅप्लिनपंथी: 'सिटी लाइट्स'चा (१९३१) शेवट त्या फुलवालीच्या आणि चार्लीच्या चेहऱ्यांवर उभा आहे. तो लांबून दाखवून बघा, काही उरणार नाही. कीटनचं मला कौतुक वाटतं, पण घशाशी आवंढा येत नाही.

चिकित्सक: आणि गाडीवान, तुमचा नियम खुद्द कीटनही पाळत नाही. ओरेगनमध्ये खऱ्या पुलावरून खरं इंजिन नदीत पाडलं. ते लांबूनच दिसतं, कबूल. पण तेव्हा आपण थक्क होतो. हसतो ते त्यानंतर, पूल टिकेल म्हणणाऱ्या त्या सेनाधिकाऱ्याचा पडलेला चेहरा दिसल्यावर. आणि त्यासाठी कीटनने कॅमेरा जवळ नेलाय.