नामांकित व्यवस्थापन संस्थांतून उमेदवार निवडण्याची पद्धत नेमकी कशी असते?

शिरोलीकर:

नमस्कार. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. ट्रॅक्टर आणि पंपांना लागणारी कास्टिंग आम्ही करतो. वरच्या जागा आजवर ओळखीतून किंवा शॉप फ्लोअरवरून वर चढलेल्या माणसांतून भरत आलो, आणि त्याबद्दल काही तक्रार नाही. परंतु निर्यातीचे काम वाढल्यापासून भाव ठरवणे, परदेशी ग्राहकांशी करार करणे आणि खेळत्या भांडवलाची जुळवाजुळव ही तिन्ही कामे मी आणि माझे धाकटे बंधू रात्री जागून करतो, म्हणून व्यवस्थापनाचे चांगले शिक्षण घेतलेला एखादा तरुण घ्यावा असे ठरले.

गेल्या वर्षी एका नामांकित संस्थेला पत्र लिहिले. त्यांनी पाठवलेला लांबलचक फॉर्म भरून दिला, जानेवारीत तिथे जाऊन सादरीकरणही केले. सभागृहात अकरा विद्यार्थी होते, त्यांतले चार बहुधा व्यवस्थेसाठी नेमलेले होते, आणि अर्ज एकही आला नाही. पगार कमी पडला असेल हे समजू शकतो. मात्र मोठ्या कंपन्या तिथे काय करतात आणि आम्ही कुठे चुकलो, हे आतून पाहिलेल्या कोणी सांगितल्यास आभारी होईन.

माजी प्लेसकॉम:

शिकत असताना मी अशाच एका संस्थेच्या प्लेसमेंट समितीवर, म्हणजे कंपन्यांच्या भरतीची व्यवस्था पाहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या समितीवर, होतो. आपण जानेवारीत गेलात, इथेच गाडी चुकली. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा विद्यार्थी जूनच्या सुमारास संस्थेत येतो आणि दिवाळीच्या मागेपुढे उन्हाळी इंटर्नशिपच्या मुलाखतींना बसतो. पुढच्या एप्रिलपासून तो आठ-दहा आठवडे त्या कंपनीत काम करतो, आणि काम पसंत पडले तर दुसरे वर्ष रंगायच्या आतच त्याच्या हाती पीपीओ, म्हणजे नोकरीचा आगाऊ देकार, पडलेला असतो. सल्लागार कंपन्या, गुंतवणूक बँका आणि साबणापासून बिस्किटांपर्यंत सारे विकणाऱ्या कंपन्या आपली बरीच भरती याच वाटेने करतात.

आता यातली एक गोष्ट, जी कोणी फारशी बोलून दाखवत नाही. दिवाळीत मुलाखत देणारा विद्यार्थी संस्थेत जेमतेम चार-पाच महिने राहिलेला असतो. शॉर्टलिस्ट लागते ती त्याच्या एका पानाच्या सीव्हीवर, आणि त्या पानावर दहावी-बारावीचे गुण, पदवीचे कॉलेज आणि आधीची नोकरी याच गोष्टी ठळक असतात. मोठी कंपनी त्या वेळी संस्थेने दिलेले शिक्षण पारखत नसते. कॅट या प्रवेश परीक्षेच्या चाळणीतून वर राहिलेले दाणे ती घाऊक भावात उचलत असते. सल्लागार कंपन्या तर शॉर्टलिस्ट झालेल्या मुलांना आपला एखादा कर्मचारी ‘बडी’ म्हणून जोडून देतात. तो फोनवर केस, म्हणजे धंद्यातला नमुना प्रश्न, सोडवून घेतो, धीर देतो आणि मुलाला न कळता त्याचा अंदाजही घेतो, असा आमचा समज होता.

अंतिम प्लेसमेंटमध्ये, म्हणजे दुसऱ्या वर्षातल्या कायम नोकरीच्या निवडीत, सगळी चुरस क्रमाची असते. पूर्वी कोणती कंपनी ‘डे झीरो’ला, म्हणजे अगदी पहिल्या दिवशी, येणार यावरून समितीत रात्र-रात्र खल चाले. अहमदाबादच्या आयआयएमने पुढे सारख्या कामाच्या कंपन्यांचे गट केले आणि गटांमध्ये काही दिवसांचे अंतर ठेवले. हाती देकार असलेल्या विद्यार्थ्याला नंतरच्या गटातील मनाजोगत्या कंपनीसाठी तिथे ‘ड्रीम’ अर्ज करता येतो. इतर बऱ्याच ठिकाणी मात्र एक देकार स्वीकारला की विद्यार्थी प्रक्रियेतून बाहेर पडतो. नवख्या, लहान कंपनीला तारीख मिळते ती शेवटाकडची, आणि तोवर आपल्याला दिसले तेवढेच सभागृह उरते.

मनुष्यबळ विभाग:

वरचे बरेचसे मान्य, ‘घाऊक भाव’ मान्य नाही. मी ग्राहकोपयोगी वस्तूंच्या एका कंपनीसाठी दहा वर्षे कॅम्पसवर जाते. चाळणीचा उपयोग आम्ही करतो हे खरे, पण मुले पगाराइतकीच पुढची वाट पाहतात. टाटा समूहाची टीएएस ही तरुण व्यवस्थापक घडवणारी योजना १९५६ पासून चालू आहे. समूहाच्या निरनिराळ्या कंपन्यांत काम करायला मिळते, हे तिचे आकर्षण आजही टिकून आहे. हिंदुस्थान युनिलिव्हरची ‘लाइम’ किंवा महिंद्रांची ‘वॉर रूम’ या स्पर्धांत विद्यार्थी कंपनीच्या खऱ्या प्रश्नावर काम करतात आणि आम्हा लोकांना मुलाखतीच्या अर्ध्या तासात न दिसणारे बरेच काही तिथे दिसते.

पगाराबद्दल: मोठ्या आयआयएमचा सरासरी आकडा अलीकडे वर्षाला ३० लाखांच्या वर सांगितला जातो, परंतु अशा सीटीसीत, म्हणजे कंपनीला माणसामागे येणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, रुजू होतानाचा बोनस, कामगिरीवर अवलंबून असलेला हिस्सा आणि टिकून राहिल्यास मिळणारी रक्कम हे सगळे धरलेले असू शकते. आपण फॉर्ममध्ये जे लिहाल ते मात्र पाळा. २०१६ मध्ये फ्लिपकार्टने निवडलेल्या मुलांची रुजू होण्याची तारीख जूनवरून डिसेंबरवर नेली, तेव्हा अहमदाबादच्या आयआयएमने लेखी नाराजी कळवली आणि ती वर्तमानपत्रांत गाजली. संस्था असली गोष्ट विसरत नाहीत.

शिरोलीकर:

दोघांचेही आभार. तीस लाख आमच्या आवाक्यात नाहीत, आणि असते तरी वीस वर्षे भट्टी सांभाळणाऱ्या आमच्या मेल्टिंग सुपरवायझरला मी काय तोंड दाखवणार? बारा लाख आणि राहायला घर, इथपर्यंत जाऊ शकतो. एवढ्यात कोणी येईल का?

पंचगंगाकाठचा:

येईल, पण अंतिम प्लेसमेंटच्या रांगेतून नव्हे. मी स्वतः इचलकरंजीचा. मुंबईत व्यवस्थापनाची पदवी घेऊन चार वर्षे नोकरी केली आणि घरच्या यंत्रमागांसाठी परत आलो. माझ्यासारखी परतू पाहणारी मुले आहेत, फक्त ती प्लेसमेंटच्या यादीत दिसत नाहीत. मुंबईच्या जमनालाल बजाज संस्थेत महाराष्ट्रातली मुले भरपूर असतात. तिथल्या माजी विद्यार्थ्यांच्या गटात दोन-तीन वर्षे अनुभव असलेला कोल्हापूर-सांगलीकडचा कोणी शोधा. आपल्याच शहरातले सायबर, म्हणजे छत्रपती शाहू व्यवस्थापन संस्था, १९७६ पासून चालू आहे, त्याला ‘नामांकित’मध्ये धरायचे की नाही ते आपण ठरवा; मी धरतो.

दुसरे असे की नोकरी देऊ करण्याआधी लाइव्ह प्रोजेक्ट द्या. विद्यार्थी वर्ग सांभाळून, संस्थेतूनच काही आठवडे तो करतात आणि त्याला खर्च थोडा येतो. युरोतील करारात भंगाराचा भाव वाढल्यास बोजा कोणी सोसायचा, एवढा एकच प्रश्न आकडेवारीसह दिलात तरी कोण कितपत पाण्यात आहे ते कळेल. आणि एक विचारू का, फॉर्ममध्ये पदाचे नाव काय लिहिले होते?

शिरोलीकर:

‘असिस्टंट, एक्स्पोर्ट’. कामाच्या रकान्यात ‘मालक सांगतील ती सर्व कामे’ असे लिहिले होते. बंधूंनी भरला होता फॉर्म. या दिवाळीआधी नवा मसुदा करून इथेच टाकतो.