थ्रोइंग नाइफ : तीनशे रुपयांचा सेट नवख्यांच्या माथी मारू नका

खडकवासलेकर
फळीवर सुरी फेकायला शिकणाऱ्यांना काल इथे एकाने सल्ला दिला, "नवखे आहात ना, तीनशे रुपयांचा सहा सुऱ्यांचा ऑनलाइन सेट घ्या, हात बसला की महागाचं बघू." वाचून राहवलं नाही. त्या सुऱ्या सहा इंची, वजनाला शंभर ग्रॅमच्या आत. मनगट जरा झटकलं तरी जास्त गिरकी घेतात, फळीवर आडव्या आपटतात आणि उलट अंगावर येतात. पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही, आणि तो सोडून देतो. दहा-बारा इंच लांबी, दोनशे-तीनशे ग्रॅम वजन, दांडा-पातं एकाच पट्टीचं, एवढं बघा. दांड्यावर दोरी नको, सोडताना बोटांत अडकते.

रानवाटा
सल्ला माझाच होता. मोठ्या परदेशी सुऱ्यांची किंमत बघितलीत? कॉलेजच्या पोराने आणायचे कुठून पैसे? माझा भाचा याच सेटवर शिकला.

पट्टेबहाद्दर_कोल्हापूर
परदेशी कशाला? लोहार मेलेत का? जीपच्या कमानपाट्याचा तुकडा द्या, ठोकून देईल. लोहाराशी पन्नास रुपयांसाठी हुज्जत घालणारे ऑनलाइन डिलिव्हरीचे पैसे मुकाट भरतात, याचाच राग येतो.

वर्कशॉपवाला
कमानपाट्याचं पोलाद लालबुंद करून पाण्यात विझवलं की काचेसारखं ठिसूळ होतं. पुन्हा बेताने तापवून ताव उतरवला नाही तर टोक मोडून उडतं. त्यापेक्षा फॅब्रिकेशनवाल्याकडून एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं मऊ पोलाद) पट्टी घ्या. ३० मिमी रुंद, ५ मिमी जाड, फूटभर तुकडा साडेतीनशे ग्रॅम भरतो, टोक काढलं की आणखी उतरतो. टोक वाकेल, पण मोडणार नाही. हातोडीने सरळ करा, कानस मारा.

पट्टेबहाद्दर_कोल्हापूर
पोलादाला पाणी पाजायला लोहाराला तुम्ही शिकवणार? तेलात विझवतो आणि रंग बघून ताव उतरवतो तो. पिढ्यान्‌पिढ्यांचं काम आहे. तुम्ही बसा दर रविवारी कानस घासत!

वर्कशॉपवाला
आवाज चढवून पोलाद बदलत नाही. तुटलेलं टोक माझ्या कानाजवळून गेलंय. तुमचा लोहार जाणता असेल, मान्य. पण नवख्याला तो गाठायचा कुठे?

साताऱ्याची_अनु
पोलादावरून भांडताय, कायद्याचं कोणीच बोलत नाही. ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पातं शस्त्र नियमांत येतं. सलग पट्टीत पातं कुठे संपलं यावर पोलिसांशी वाद घालणार का? एकूण लांबीच दहा इंच ठेवा, धार अजिबात लावू नका, फक्त टोक काढा. महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा (शस्त्रं बाळगून फिरण्यावर बंदीचा) मनाई आदेश असताना पिशवीत घेऊन फिरू नका. आणि प्लायवर मारू नका. ओंडक्याची आडवी कापलेली चकती लावा, तंतूंमध्ये टोक शिरतं.

रानवाटा
वजनाचा मुद्दा घेतला, भाच्याच्याही निम्म्या सुऱ्या खालीच पडायच्या. पण घरी ग्राइंडर नसलेल्याने पट्टीला टोक कसं काढायचं?

वर्कशॉपवाला
पट्टी देणाराच तिथल्या तिथे काढून देतो. तिरका काप सांगा आणि कडांची बर (कापताना उरलेली खरखरीत किनार) घासून घ्या, नाहीतर पहिल्याच फेकीला तळवा सोलवटेल.

पट्टेबहाद्दर_कोल्हापूर
घ्या एमएस. महिन्याभरात टोकं बोथट झाली की लोहाराकडेच याल.