तोटा प्रवाशाच्या माथी मारू नका

सिडकोकर: "सिटीलिंक पांढरा हत्ती झालाय, बंद करा, लोक रिक्षाने जातातच की," असं सकाळी एकाने इथे आपल्या नाशिकच्या शहरबसबद्दल लिहिलंय. डोकं फिरलं वाचून. एसटीने अंग काढून घेतलं आणि जुलै २०२१ मध्ये महापालिकेने शहरबस स्वतःकडे घेतली. करार असा, की ठेकेदाराला पैसे किलोमीटरवर आणि तिकिटाची रक्कम पालिकेला. बस रिकामी पळो नाहीतर दारात माणसं लोंबकळोत, त्याचं बिल तेवढंच. वाहकांचा ठेका आणखी तिसऱ्याकडे. अधिकारी, दोन ठेकेदार, रिक्षा संघटना, सगळ्यांचं म्हणणं ऐकलं जातं. माझी बहीण अंबडला दुसऱ्या पाळीत आहे, रात्री ११ ला सुटते. तिचं कोण ऐकतं?

पंचवटीतला: मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत महापालिकेत सभागृहच नव्हतं, प्रशासकच सगळं. नगरसेवक असते तर बहिणीला बस मिळाली असती.

नाशिकरोडवासी: नगरसेवकांचं कौतुक आम्हाला सांगू नका! एसटीच्या काळात आमच्याकडच्या एकाने बस आपल्या घरावरून वळवून घेतली होती. वीस मिनिटं जास्त लागायची. दोनदा पेपरला उशिरा पोचलो मी.

पंचवटीतला: पण त्याच गल्लीतल्या म्हाताऱ्यांना दारात बस मिळाली ना? आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने वर्षभर अर्ज केले तेव्हा कुठे निमाणीजवळ थांब्याला शेड आली. ओळखीपाळखी काय फक्त ठेकेदारांनीच वापरायच्या?

रिक्षावाल्याचा मुलगा: सिडकोकर, तुम्ही रिक्षा संघटनेला ठेकेदारांच्या रांगेत बसवलंत म्हणून बोलतो. वडील तीस वर्षं रिक्षा चालवतात, आजवर एकाही बैठकीचं बोलावणं आलेलं नाही. २०१७ ला परमिट खुली केली. रिक्षा वाढल्या, स्टँड आहेत तेवढेच. बसथांब्याशी उभं राहिलं की पावती. मग उभं राहायचं कुठे, द्वारका चौकाच्या मधोमध?

सिडकोकर: आणि रात्री ११ ला अंबडहून त्रिमूर्ती चौकात यायला दीडशे रुपये मागतात, ते कुठल्या मीटरने? बहिणीच्या दिवसाच्या पगारातून जातात ते.

रिक्षावाल्याचा मुलगा: माझ्या बापाने कधी घेतले नाहीत. एकाने घेतले म्हणून सगळ्यांना चोर ठरवता?

नाशिकरोडवासी: शालिमारला शेअर रिक्षात पुढे ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून दोघं बसवतात, त्यावरही बोला. मुलींनी तसं बसायचं?

रिक्षावाल्याचा मुलगा: चूक आहे ते. स्टँडवर मीही भांडलोय त्यावरून. पण बस वेळेवर आली तर तसं कोणी बसणारच नाही, हे मलाही कळतं.

सिडकोकर: मग बस बंद करा म्हणणाऱ्याला तुम्हीच सांगा हे. स्टँडचं तुमचं म्हणणं खरं आहे, तेवढं मानतो. दीडशेचं नाही मानणार. आणि पंचवटीतले काका, आता सभागृह आलंय. आमच्या प्रभागाच्या नगरसेवकांकडे ११ नंतरच्या फेरीचा अर्ज द्यायचाय. संघाच्या लेटरहेडवर मिळेल का?

पंचवटीतला: मिळेल. पण पाळीवरच्या निदान पन्नास बायकांच्या सह्या आणा. एकट्या बहिणीसाठी मी संघाचा शिक्का मारणार नाही.