लाकडाच्या शेगडीचा पाइप भिंतीतून बाहेर कसा काढायचा? प्लायवूडचं पॅनेलिंग आहे

काटोलरोड_बाग:
नमस्कार मंडळी. नागपूरजवळ काटोल रोडला आमची संत्र्याची बाग आहे, तिथंच दोन खोल्यांचं घर, आईबाबा राहतात. थंडीत रात्री पारा आठ-नऊवर येतो म्हणून यंदा झाकणाची लोखंडी शेगडी बनवून घेतली, बागेतली जुनी झाडं काढली त्याची लाकडं पडूनच आहेत. ६ इंची पाइप मागच्या भिंतीतून काढायचा विचार करून राहिलो. भिंत ९ इंची विटेची, पण आतून प्लायवूड लावलंय, वर टिन अन् त्याखाली पीव्हीसी सीलिंग. मिस्त्री म्हणतो भोक पाडू, पाइप घालू, सिमेंटनं फट बुजवू अन् बाहेर दोन फूट काढून सोडून देऊ. मला काही ते पटून नाही राहिलं.

फॅब्रिकेशन_हिंगणा:
भाऊ, नाही पटलं तेच बरं झालं. पहिले ते प्लायवूड. रोज तापून तापून लाकूड आतून कोरडं होत जातं अन् मग कमी उष्णतेतही पेट घेतं, पहिल्या वर्षी काही झालं नाही म्हणजे सुटलो असं नसते. अमेरिकेत बऱ्याच घरांत अशा शेगड्या असतात, तिथल्या नियमात उघड्या सिंगल पत्र्याच्या पाइपपासून जळणारी वस्तू १८ इंच लांब पाहिजे. म्हणजे ६ इंचाचा पाइप अन् चारी बाजूंनी १८, साडेतीन फुटाचा चौकोन प्लायवूडमधून कापून काढा, तिथं नुसती वीट दिसू द्या. सीलिंगलाही तेवढंच अंतर.

सिमेंटनं पाइप जाम करू नका. मीटरभर लोखंडी पाइप ३०० अंशांनी तापला की साडेतीन मिलीमीटर लांब होते, प्लास्टर फुटते अन् फटीतून धूर आत. ८ इंची पत्र्याचा स्लीव्ह, म्हणजे बाहेरची नळी, भिंतीत बसवा, त्यातून पाइप न्या, मधली जागा सिरॅमिक वूलनं, म्हणजे न जळणाऱ्या कापसासारख्या तंतूनं भरा. फोम, थर्माकोल अजिबात नाही. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला पाइप स्वस्त पडते म्हणून आणू नका, जास्त तापला की जस्ताचा धूर निघतो. काळा एमएस, म्हणजे जस्त नसलेला साधा लोखंडी पाइप घ्या, इतवारीत लोहा ओळीत विचारा.

जुना_मिस्त्री:
वरचं सगळं बरोबर आहे पण बाहेर दोन फूट आडवा सोडणं ही त्याहून मोठी चूक, धूर ओढलाच जाणार नाही, वारा समोरून आला की सगळा धूर खोलीत. भिंतीबाहेर टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड लावा, टीच्या खाली साफ करायचं झाकण, वर सरळ उभं धुराडं. टिनाच्या वर निदान ३ फूट, अन् १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा २ फूट जास्त. आडवा तुकडा जेवढा आखूड तेवढा चांगला, बाहेरच्या बाजूला फुटामागे पाव इंच चढ द्या. सांधे जोडताना वरच्या पाइपचं टोक खालच्याच्या आत, नाहीतर डांबरासारखा रस बाहेरून ओघळत येतो. अन् हो, लाकडं यंदाचीच कापलेली असतील तर ओली आहेत, त्यानंच काजळी धरते अन् तीच पुढं पाइपात पेटते. फोडून एक उन्हाळा वाळू द्या.

धरमपेठकर:
टिनातून सरळ वर काढला तर धूर जास्त चांगला ओढतो ना? मग भिंत कशाला फोडायची?

जुना_मिस्त्री:
ओढतो, वाद नाही. पण यांच्याकडं पीव्हीसी सीलिंग कापावं लागेल अन् पावसाळ्यात टिनाच्या भोकातून गळती. इथं भिंतच ठीक.

सीताबर्डी_ताई:
पाइपाचं सगळं नीट झालं तरी आईबाबांना सांगा, शेगडी पेटती ठेवून सगळं बंद करून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माझ्या मावशीकडे बंद खोलीत कोळशाची शेगडी होती, सकाळी डोकं जड अन् उलट्या, सगळ्यांना वाटलं थंडी बाधली. दार उघडलं, बाहेर आणलं, तेव्हा कुठं बरं वाटलं. अलार्म ऑनलाइन मिळतो, झोपायच्या खोलीत लावाच.

काटोलरोड_बाग:
खूप आभार सगळ्यांचे. मिस्त्रीला थांबवलंय, रविवारी प्लायवूड कापतो. अलार्म आजच मागवला. यंदा सुकं बाभळीचं लाकूड विकत घेईन, संत्र्याचं पुढच्या वर्षी. एकच विचारायचं राहिलं, धुराडं आतून किती दिवसांनी साफ करायचं?

जुना_मिस्त्री:
थंडी सुरू व्हायच्या आधी एकदा तर करायचंच, अन् पेटवायला लागल्यावर दर महिन्याला खालचं झाकण उघडून बघा. काजळीचा थर पाव इंच दिसला की ब्रश मारा, महिना संपायची वाट पाहू नका.